वस्तीच्या गाडीला जागा द्या: सातारा जिल्ह्यातल्या सरपंचांना खुले पत्र

सातारा जिल्ह्यातल्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (आम्ही जुनी माणसं अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांना,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. साताऱ्यात आमचं घर आहे, पण गेली तीन वर्षं त्याला बराच काळ कुलूपच असतं. वर्षातले सात-आठ महिने आम्ही दोघं एका गाडीत राहतो. गाडीतच झोपतो, गाडीतच स्वयंपाक करतो आणि आज इथं, उद्या तिथं असं फिरतो. या गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. आमच्या गल्लीत तिला ‘बाईंचं फिरतं घर’ म्हणतात.

हे पत्र मंत्रालयाला किंवा पर्यटन खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण आम्हाला जे हवं आहे ते तुमच्याच हातात आहे. आम्हाला हवा आहे एका रात्रीचा मुक्काम.

आधी वस्तीच्या गाडीचं सांगते. ह्यांची निम्मी नोकरी वस्तीच्या एसटीवर गेली. शहरात वाढलेल्यांना ती काय असते ते समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. दिवेलागणीनंतर शेवटची गाडी गावात यायची, देवळापुढं नाहीतर शाळेपुढं उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच आडवे व्हायचे आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं आणि दुधाच्या किटल्या घेऊन निघायची. पाटण खोऱ्यात, जावळीत, माणमध्ये अशा किती गावांत हे झोपले असतील याची मोजदाद नाही. कुणाच्या घरून आमटी-भाकरी यायची, पावसाळ्यात कुणी घोंगडं द्यायचं. एकदा ह्यांना रात्री ताप भरला तर गावातल्या एका म्हाताऱ्यानं पहाटेपर्यंत उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. त्या माणसाचं नाव ह्यांना आजही आठवत नाही, याची त्यांना खंत आहे. निवृत्त झाल्यावर आम्ही कुठं फिरायचं ठरवत होतो, तेव्हा हे म्हणाले, “जिथं जिथं अंधारात पोचलो आणि अंधारातच निघालो, ती गावं मला एकदा उजेडात बघायची आहेत.” आमच्या फिरण्याची सुरुवात अशी झाली.

एसटीच्या ड्रायव्हरला भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन मिळते, ती किती तुटपुंजी असते हे तुमच्या गावातल्या निवृत्त एसटीवाल्याला विचारा. गाडी आली ती माझ्या ग्रॅच्युइटीतून. सेकंडहँड घेतली. ट्रॅव्हलरसारखा सांगाडा, आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, छतावर सोलरची दोन पॅनलं. घरच्या घरी ठोकाठोक करून केलेला हा प्रकार नव्हे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे आणि पुण्याची एआरएआय ही संस्था अशा गाड्यांची तपासणी करते. आमच्या आरसीवर नोंदही कॅराव्हॅन अशीच आहे. गाडी बघून तुमच्या गावात कुणी शंका घेतली तर ती आरसी दाखवायला आम्ही कधीही तयार असतो.

आता या गाडीचं पोट कसं चालतं ते सांगते, म्हणजे आमची मागणी किती लहान आहे ते कळेल. पाण्याची टाकी शंभर लिटरची. काटकसरीनं वापरलं तर आम्हा दोघांना अडीच दिवस पुरते. भांडी, हात-तोंड आणि अंघोळीचं सांडपाणी खाली दुसऱ्या टाकीत साठतं. संडासाची पेटी वेगळी असते, तिला कॅसेट म्हणतात. प्रवासी बॅगेएवढी, चाकं लावलेली, झाकण घट्ट बसणारी पेटी. तिच्यात वीस लिटर मावतं. तीन दिवसांनी ती रिकामी करावीच लागते. ती बाहेर ओढायची, सार्वजनिक शौचालयापर्यंत न्यायची, नळी वाकवून सावकाश भांड्यात ओतायची, वरून दोन बादल्या पाणी टाकायचं आणि पेटी खळखळून धुवायची. दहा मिनिटांचं काम. आम्ही पेटीत जंतू मारणारं रसायन घालत नाही, जैविक पावडर घालतो, कारण दोन खड्ड्यांच्या शौचालयात मैल्याचं सोनखत व्हायचं तर ते जंतू जिवंत राहिले पाहिजेत. हे मी शाळेत पोरांना शिकवलं आहे.

हे काम ह्यांना मी करू देत नाही आणि ते मला करू देत नाहीत, म्हणून पाळी ठरवली आहे. पण पेटी ओतायची कुठं, हा प्रश्न दर तीन दिवसांनी उभा राहतो. हायवेच्या पंपावर विचारलं तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. त्यांचं शौचालय आधीच तुंबलेलं असतं. ओढ्यात, नाल्यात, ऊसाच्या बांधावर आम्ही आजवर एकदाही ओतलेलं नाही. एकदा जागा मिळेना म्हणून भरलेली पेटी घेऊन ऐंशी किलोमीटर उलटं साताऱ्याला घरी आलो, रिकामी केली आणि परत निघालो.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात अशा गाड्यांचा आणि त्या उभ्या करायच्या कॅराव्हॅन पार्कचा विचार आहे. धोरण चांगलं आहे, मी ते वाचलं आहे. पण पार्क म्हटलं की गुंतवणूकदार आला, कुंपण आलं, रेस्टॉरंट आलं आणि हे सगळं होणार तर महाबळेश्वर-पाचगणीच्या आसपासच. ते व्हावं, त्याला माझी ना नाही. पण आम्हाला येरळवाडीच्या तलावावर उतरलेले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पहाटे बघायचे असतात. लिंबच्या बारामोटेच्या विहिरीत सकाळचं ऊन कसं खाली उतरतं ते बघायचं असतं. संध्याकाळी पाचला लिंबात पोचून सहाला ‘आता झोपायला कुठं जायचं’ म्हणून पळायचं, असं आम्ही तीनदा केलं. अठराव्या शतकात आमराईसाठी बांधलेली ती विहीर. पायऱ्यांवर पाच मिनिटं निवांत बसावं, तर डोक्यात रात्रीच्या जागेची काळजी.

गोव्यात आम्हाला एक फ्रेंच जोडपं भेटलं होतं. आमच्याच वयाचं. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडं लहान लहान गावांनीच अशा गाड्यांसाठी जागा ठेवल्या आहेत. पाण्याचा नळ, सांडपाण्याची जाळी आणि भाड्याची पाटी, बस्स. सकाळी माणसं गावातल्याच बेकरीत पाव घेतात. मला ते ऐकताना परदेशातलं काही ऐकतो आहोत असं वाटलंच नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंद, तरडगाव, फलटण, बरड इथं काय होतं ते आठवा. एका रात्रीत लाखो माणसं येतात, राहतात, जेवतात आणि सकाळी पुढं जातात. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, राहुट्यांच्या जागा, सगळं ठरलेलं. मुक्काम सांभाळण्यात आपल्या जिल्ह्याचा हात कुणी धरू शकत नाही.

आणि फिरतं घर तरी आपल्याला कुठं नवीन आहे? माण-खटावचे धनगर पाऊस सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात. घोड्यावर सगळा संसार बांधलेला, वर करडं नाहीतर कोंबडी, मागनं बाया-पोरं. रात्री कुणाच्या तरी रानात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडतो. मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं, शेतकरी धान्य देतो, दोघांचं भागतं. माझ्या वर्गात अशी पोरं होती. दिवाळीनंतर त्यांच्या नावापुढं गैरहजेरी मांडताना माझा हात जड व्हायचा. ऊसतोडीला मराठवाड्यातनं येणारी कुटुंबं सगळा हंगाम कोपीत काढतात. ती माणसं पोटासाठी फिरतात, आम्ही पेन्शनीवर हौसेनं फिरतो. हा फरक मला पक्का ठाऊक आहे आणि त्यांच्या बरोबरीनं स्वतःला बसवायची माझी हिंमत नाही. उलट, मी जो नळ आणि जे शौचालय मागते आहे ते आधी त्यांच्यासाठी उघडं असलं पाहिजे असं मला वाटतं. कोपीतल्या बाईला पहाटे अंधारात ऊसाच्या फडात जावं लागतं आणि शेजारच्या गावातल्या शौचालय संकुलाला कुलूप असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मन घट्ट करून एक रात्र सांगते. पूर्व भागातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांचं फार काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. जानेवारीतली थंडी. आम्ही पाझर तलावाच्या कडेला, रस्त्यापासून आत गाडी लावली होती. येताना एका दुकानदाराला विचारलं होतं, तो ‘लावा की’ म्हणाला होता. पावणेबाराला पडद्यावर बॅटरीचा झोत आला आणि पत्र्यावर थाप पडली. “आत कोन हाय? भायेर या.” बारा-पंधरा पोरं होती. दोघांच्या हातात काठ्या. ह्यांनी आतला दिवा लावला, दार उघडलं. मी स्वेटर घालून, चष्मा शोधून मागनं उतरले. एका पोरानं आत डोकं घातलं. ओट्यावर वाळत ठेवलेली दोन ताटं, कोपऱ्यातला बोटभर गणपती, बीपीच्या गोळ्यांचा डबा, खुंटीवरची माझी साडी. हे सगळं त्यानं झोत फिरवून पाहिलं आणि झोत खाली घेतला. पण “हितं न्हाय ऱ्हायचं,” असंच ठरलं. गावात चोऱ्या झाल्या होत्या, चार दिवस पोरं राखण करत होती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हे रात्री गाडी चालवत नाहीत. त्या रात्री मी चालवली. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी शिकलेलं ड्रायव्हिंग, अनोळखी रस्ता, दोन्ही बाजूंना बाभळी. ज्यानं आत डोकं घातलं होतं तोच पोरगा बॅटरी घेऊन गाडीच्या पुढं चालत राहिला आणि गल्लीचं वळण निघेपर्यंत “या, या, अजून या” करत राहिला. पंपावर पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. हे काहीच बोलले नाहीत. तीस वर्षांत त्यांना कुठल्या गावानं उठवून लावलं नव्हतं.

आम्ही सुटलो. आमच्याकडं आधार होतं, पेन्शनचं पुस्तक होतं, नीट बोलता येत होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. तीही फिरती माणसंच होती. मला त्या रात्रीनंतर बरेच दिवस ते पाच जण आठवत राहिले. अनोळखी माणसाची नोंद करायला जागा नसली की गावाला भीती वाटते आणि आलेल्यालाही वाटते. गावानं एक जागा ठरवून दिली, आलेल्या गाडीचा नंबर आणि नाव पोलीस पाटलांच्या वहीत लिहिलं, तर राखण करणाऱ्या पोरांना रात्री कुणाला उठवावं लागणार नाही.

हे होऊ शकतं, कारण एका गावात ते झालं आहे. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. आम्ही शाळेच्या मैदानाशी थांबून विचारत होतो, तर सरपंचबाई स्वतः आल्या. पस्तिशीच्या असतील, खांद्यावर लहान पोर. त्यांनी सामुदायिक शौचालयाची किल्ली मागवली, नळ कुठं ते दाखवलं आणि म्हणाल्या, “रातच्याला भ्या वाटलं तर ह्यो माझा नंबर.” शेजारची एक म्हातारी गाडीत चढली, सगळं निरखून पाहिलं आणि विचारलं, “समदं हाय, पर चूल कुटं हाय?” गॅसची शेगडी दाखवली तर तिला ते पटलं नाही. थोड्या वेळानं चुलीवरची नाचणीची भाकरी आणि खर्डा घेऊन आली. सकाळी ग्रामपंचायतीनं शंभर रुपयांची पावती फाडली. त्यावर लिहिलं आहे, ‘गाडी मुक्काम, एक रात्र’. ती पावती मी गाडीच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे. निघताना आम्ही तिथनं दहा किलो इंद्रायणी तांदूळ घेतला, दोन डझन अंडी घेतली आणि साताऱ्यातल्या चार घरांना तो तांदूळ सांगितला.

मला प्रत्येक गावात एवढंच हवं आहे. जिल्ह्यात जवळपास दीड हजार ग्रामपंचायती आहेत, सगळ्यांनी करायची गरज नाही. अकरा तालुक्यांत प्रत्येकी चार-पाच गावं पुढं आली तरी खूप झालं. एका गाडीला अर्धा गुंठाही लागत नाही. यात्रेचं मैदान, बाजारतळ, शाळेच्या कुंपणाबाहेरची जागा, कुठलीही चालेल. तिथं गाडीच्या चाकाखाली चिखल होऊ नये एवढा मुरूम, एक नळ, सांडपाण्यासाठी एक शोषखड्डा आणि जवळच्या सार्वजनिक शौचालयाची किल्ली कुणाकडं मिळेल त्याची पाटी. शोषखड्डा कसा करायचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गाडगेबाबांच्या नावाच्या स्वच्छता अभियानात तुमच्यातल्या किती गावांनी ते घरोघरी केले. वीज दिली तर उपकार, रात्रीत दोन-तीन युनिटं लागतील, नाहीतर आमचं सोलर आहे. बाजारात बसणाऱ्या भाजीवालीची जशी पावती फाडता तशी आमचीही फाडा. फुकट नको. फुकट राहिलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी डोळ्यांत खुपतो.

तुमच्या शंका मी ऐकल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. कासच्या रस्त्याला सुट्टीच्या दिवशी काय होतं ते मी पाहते. बाटल्या, थाळ्या, गाण्यांचा धिंगाणा. ठोसेघर, चाळकेवाडीच्या वाटेलाही तेच. असली माणसं मुक्कामाला आली तर काय, असं एका उपसरपंचांनी मला विचारलं. माझं उत्तर असं, की पहिल्याच पावतीवर नियम छापा. रात्री दहानंतर आवाज नाही, दारू नाही, शेकोटी नाही, कचरा आपल्याबरोबर न्यायचा. मोडला तर दंड आणि पुन्हा प्रवेश नाही. नोंद झालेल्या गाडीला दंड करता येतो. रस्त्याकडेला पत्रावळ्या टाकून पळणाऱ्या गाडीला तुम्ही आज काय करू शकता?

दुसरी शंका पाण्याची. ती मला सगळ्यात जास्त पटते. उन्हाळ्यात माणमध्ये टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या बायकांसमोर मी शंभर लिटर भरून घेणार नाही. मार्चनंतर त्या बाजूला जायचं तर आम्ही कृष्णाकाठी टाकी भरून घेतो आणि तिच्यात भागवतो. ज्या गावात पाणी नाही त्यांनी नळाच्या पाटीवर सरळ ‘पाणी मिळणार नाही’ असं लिहावं. आम्हाला राग येणार नाही.

आणि कासच्या पठारावर किंवा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मुक्काम आम्ही मागत नाही. तिथं माणसानं रात्री नसावंच. खाली गावात राहू द्या, सकाळी वनखात्याच्या नियमानं वर जाऊन येऊ.

सरपंचताईंनो, तुमच्याशी दोन शब्द वेगळे बोलते. निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत, म्हणून हे सांगायला मला संकोच वाटत नाही. प्रवासात बाईला सगळ्यात आधी काय शोधावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे. नोकरीत असताना तालुक्याच्या ट्रेनिंगला जाताना मी सकाळपासून पाणी पीत नव्हते, कारण मध्ये कुठं जायची सोय नसायची. गाडीत स्वतःचं शौचालय आल्यापासून मी पोटभर पाणी पिऊन प्रवास करते. साठीनंतर मिळालेलं हे सुख आहे. संकुलाची किल्ली गावात सहज मिळू लागली तर ते माझ्या एकटीपुरतं राहणार नाही. बाजाराला आलेल्या, एसटीची वाट बघणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईलाही ते मिळेल.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा ही विनंती. दिवाळी झाली की आम्ही लोणंदहून निघणार आहोत. फलटण, दहिवडी, मायणी करत खाली कराडला प्रीतिसंगमावर आणि तिथनं पाटणला वर. ज्या गावाला गाडी बघायची असेल तिथं आम्ही थांबू. टाक्या कुठं, पेटी कशी निघते, किती पाणी लागतं, सगळं उघडून दाखवू. शाळा भरलेली असेल तर पोरांनाही आत येऊ द्या, फक्त चपला खाली काढायला सांगा. पाटणच्या त्या म्हातारीसाठी ह्यांनी कराडातनं मातीची लहान चूल घेऊन ठेवली आहे. ती गाडीत पेटवता येत नाही, पण तिला दाखवायची आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
सातारा